पाडव्यापासून सिगारेट बंद करायचीय, घरी सांगू का नको?

मागच्या अंकात तलफेबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, या महिन्यात आलेल्या पत्रांमधली निम्मी पत्रं त्याच विषयावरची निघाली. त्यातली तीन घेतेय. नावं कुणाचीच देत नाही, गावं तेवढी ठेवलीयत.

प्रश्न : ताई नमस्कार. वय ३८, चाकणला कंपनीत सुपरवायझर आहे, शिफ्ट फिरती असते. कॉलेजपासून सिगारेट ओढतो, आता दिवसाला १२ ते १४ होतात. सोडायचा प्रयत्न तीनदा केला, एकदा तर ९ दिवस गेले होते, पण दहाव्या दिवशी टपरीवर सगळे उभे होते आणि हातात कधी आली कळलंच नाही. तिन्ही वेळा कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण जमलं नाही तर लोक हसतात आणि बायकोचा उतरलेला चेहरा बघवत नाही. या पाडव्यापासून पूर्ण बंद करायचं ठरवलंय. या वेळी घरी आणि मित्रांना सांगू का परत गुपचूपच करू? आणि ते निकोटीनचं च्युइंगम खरंच चालतं का?

उत्तर : दादा, सांगा. तुमच्या पत्रातली "कुणालाच सांगितलं नव्हतं" ही ओळ मी तीनदा वाचली. तुम्हाला वाटतंय आपलीच इच्छाशक्ती कमी पडली, मला तसं अजिबात वाटत नाही. निकोटीन थांबल्यावरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, नंतर उतरत जातो आणि दोन ते चार आठवड्यांत बराचसा संपतो, म्हणजे तुम्ही ९ दिवस काढलेत तेव्हा सगळ्यात अवघड टप्पा एकट्याने पार केला होता, ही काय लहान गोष्ट आहे का. दहाव्या दिवशी टपरीवर जे चौघे उभे होते त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं की तुम्ही सोडलीय, त्यांनी नेहमीसारखी पुढे केली, तुम्ही नेहमीसारखी घेतली. त्यातल्या एकाला जरी माहीत असतं तरी गोष्ट वेगळी झाली असती असं मला मनापासून वाटतं.

पण सांगायचं म्हणजे व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवून गावभर करायचं नाही. तीन माणसं निवडा आणि प्रत्येकाला एक ठरलेलं काम द्या. नुसतं "मला जरा साथ दे" म्हटलं की समोरच्याला करायचं काय तेच कळत नाही, मग तो त्याला सुचेल ते करतो, एक तर उपदेश नाहीतर पहारा, आणि या दोन्हीनी तलफ कमी होत नाही, वाढते.

पहिलं माणूस तुमची बायको. त्यांना शांतपणे बसून सांगा की अमुक तारखेपासून बंद करतोय, पहिले दोन आठवडे मी चिडचिड करेन, बारीकसारीक गोष्टीवर आवाज चढेल, झोप नीट लागणार नाही, ते तुझ्यामुळे नसणार हे आत्ताच सांगून ठेवतो. हे आधी बोललेलं असलं की ऐन वेळी होणारं अर्धं भांडण टळतं. मग त्यांचं काम. तलफेचा जोर साधारण तीन ते पाच मिनिटं राहतो, फार तर दहा. तेवढ्या वेळात तुम्ही त्यांना फोन करायचा आणि त्यांनी सिगारेटचा विषयच काढायचा नाही, शाळेतून काय मेसेज आला, गॅस कधी येणार, मामाच्या घरचं काय चाललंय, काहीही, फक्त बोलत राहायचं. आणि काय करायचं नाही तेही ठरवून घ्या : शर्टाचा वास घ्यायचा नाही, खिसे तपासायचे नाहीत, रोज संध्याकाळी "आज नाही ना ओढली?" असं विचारायचं नाही. सांगायचं असेल तेव्हा तुम्ही स्वतःहून सांगाल, एवढा शब्द तुम्ही त्यांना द्या.

दुसरा, टपरीवरच्या ग्रुपमधला एक जण. सगळ्यात जवळचा असेलच असं नाही, जो टिंगल करणार नाही असा. त्याला म्हणा, मला देऊ नकोस, मी मागितली तरी देऊ नकोस, आणि बाकीचे पुढे करायला लागले तर तूच अडव. पहिले तीन आठवडे तुमची चहाची जागाच बदला, कँटीनमध्ये घ्या, आणि त्यालाही अधूनमधून तिकडे ओढा. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावी लोकांच्या हृदयविकाराचा वर्षानुवर्षं अभ्यास चाललाय, त्यातल्या १२ हजारांवर माणसांची १९७१ ते २००३ ची माहिती घेऊन कोण कुणामुळे सिगारेट सोडतो ते तपासलं होतं. मित्राने सोडली तर आपण ओढत राहण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी कमी झालेली दिसली, छोट्या कंपनीतल्या सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी, आणि नवरा-बायकोपैकी एकाने सोडली तर दुसऱ्याची ६७ टक्क्यांनी. २००८ साली हे छापून आलं. माणसं एकेकटी सोडत नव्हती, घोळकेच्या घोळके सोडत होते. म्हणून म्हणते, त्या चौघांमध्ये अजून एखादा मनातून सोडायला तयार असेल तर विचारून बघा, तुम्ही बोलायची तो वाटच बघत असेल कदाचित.

तिसरं माणूस ऐकून तुम्हाला नवल वाटेल, तुमचा टपरीवाला. तिथे तुमची उधारी नक्की असणार, वहीत नाव असणार. ती सगळी चुकती करा, पान फाडायला सांगा आणि म्हणा, काका यापुढे मला चहा द्या, सिगारेट नको. बहुतेक टपरीवाले हे मान ठेवून ऐकतात, त्यांनीही आयुष्यात बरंच बघितलेलं असतं. महाराष्ट्रात सुट्टी सिगारेट आणि सुट्टी विडी विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, पण मिळतात हे तुम्हाला मला सगळ्यांना माहितीये, आणि सोडलेला माणूस परत वळतो तो या सुट्ट्या एका सिगारेटवरच, अख्खं पाकीट घ्यायला मन धजत नाही पण "एकच तर आहे" म्हणून हात पुढे होतो.

आता पाडव्याबद्दल. दिवस चांगलाय, पण त्या आठवड्यात तुमची शिफ्ट कुठली येते ते आधी बघा. नाइट असेल तर हट्ट धरू नका, जागरणात पहिले तीन दिवस काढणं फार जड जातं, शिफ्ट बदलली की दुसऱ्या दिवसापासून सुरू करा. तारीख एकदा पक्की झाली की मग मात्र हलवायची नाही. आणि तारखेआधीच्या चार दिवसांत एक काम करा, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला लावते. सिगारेटच्या पाकिटाभोवती एक कागद गुंडाळा, वर रबरबँड लावा. सिगारेट काढायची तर आधी रबर काढायचं, कागदावर वेळ, जागा, सोबत कोण आणि गरज किती ते दहापैकी लिहायचं, मगच पेटवायची. एका गृहस्थांचा असा कागद माझ्या टेबलावर होता : ६.१० बाथरूम, एकटा, ९. ६.४० चहा, एकटा, ६. ११.०० टपरी, चौघं, ३. १.३० जेवणानंतर, ७. ४.०० टपरी, चौघं, २. ते स्वतःच बघत बसले, म्हणाले मॅडम, चारच्या सिगारेटची मला गरजच नव्हती की. तुमच्या चौदातल्या किती अशा निघतील बघा. ज्यांच्यापुढे २-३ लिहिलंय त्या माणसांमुळे ओढलेल्या, तिथे वर सांगितलेल्या माणसांचं काम आहे. ज्यांच्यापुढे ८-९ आहे, विशेषतः उठल्याउठल्याची पहिली, ती निकोटीनची, रात्रभरात ते रक्तातून उतरलेलं असतं म्हणून, आणि तिथे च्युइंगम खरंच कामाला येतं.

गमबद्दल नीट लिहिते, कारण निम्मे लोक ते चुकीचं खातात आणि मग म्हणतात उपयोग नाही. २ मिलिग्रॅमचं मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ मिलिग्रॅमचं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर बहुधा ४ चं लागतं, म्हणून तारखेआधीच डॉक्टरांना भेटून या. सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या काही गोळ्याही असतात, त्यांचंही तेव्हाच विचारा, त्यातल्या काही सोडायच्या तारखेच्या आधीच सुरू कराव्या लागतात. तर गम, ते साध्या च्युइंगमसारखं सलग चावायचं नाही. हळूहळू चावायचं, तोंडात तिखटसर झिणझिण आली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, झिणझिण गेली की परत दोनचारदा चावून दुसऱ्या गालात ठेवायचं, असं अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं, भराभरा चावलंत तर ते लाळेबरोबर पोटात जाणार, उचक्या आणि मळमळ तेवढी होणार. आणि खायच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी-सरबत काही नको, त्या आंबटपणात शोषलं जात नाही. आपल्याकडे चहा आणि गम सोबतच चालतं, तिथेच सगळं फसतं. तलफ आल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा पहिले काही आठवडे ठरलेल्या वेळी दिवसाला ८-१० घ्या, मग कमी करत तीन महिन्यांत बंद. हृदयाचा त्रास होऊन गेला असेल तर मात्र आधी डॉक्टर.

चहाचं अजून एक, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन लवकर बाहेर टाकतं. सिगारेट बंद झाली की तेवढाच चहा-कॉफी रक्तात जास्त वेळ राहते, आणि मग छातीत धडधड, झोप नाही, हात थरथर, माणसाला वाटतं सिगारेट सोडल्याने हाल झाले. त्या तारखेपासून चहा निम्म्यावर आणा. (घरात कुणी दम्यासाठी थिओफिलिनची गोळी घेत असेल आणि तो माणूस सिगारेट सोडत असेल तर डॉक्टरांना जरूर कळवा, याच कारणाने डोस कमी करावा लागू शकतो.) पहिल्या दिवसांत खोकला थोडा वाढेल, पोट साफ होणार नाही, भूक लागेल. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं लोकांचं, शेंगदाणे-फुटाणे-काकडी हाताशी ठेवा, फरसाणाचा डबा लांब.

आदल्या रात्री बायकोला बरोबर घेऊन घर धुंडाळा. पाकीट आणि लायटर सगळेच टाकतात, राहून जातं ते गाडीच्या डिकीतलं, लॉकरमधलं, मागच्या पावसाळ्यातल्या रेनकोटच्या खिशातलं.

आणि जमलं नाही, एखादी ओढली गेली, तर काय? त्याच दिवशी त्या तिघांपैकी एकाला सांगायचं. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. तुम्ही तिन्ही वेळा जे लपवलंत त्यामुळे एकीच्या चौदा झाल्या. बायकोलाही हे आधीच सांगून ठेवा की असं झालं तर मी येऊन सांगेन आणि तू फक्त "बरं, उद्यापासून परत" एवढंच म्हण. बोलायला घराबाहेरचं कुणी हवं असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा नंबर आहे, २०१८ पासून तो प्रत्येक पाकिटावर छापतात, तुम्ही रोज चौदा वेळा बघताय तो. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, ते तारीख ठरवून देतात आणि नंतर स्वतःहून परत फोन करून विचारपूस करतात.

प्रश्न : मॅडम, मी सोलापूरची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे पप्पा ५७ वर्षांचे, यंत्रमागावर होते, आता घरीच असतात. दिवसाला दोन बंडल विड्या ओढतात. महिनाभर खोकताहेत. आमच्या घरी आई विड्या वळते त्यामुळे घरात तंबाखू कायमच असते. मी पप्पांच्या विड्या लपवते, रागावते, मध्ये तर बोलणंच बंद केलं होतं. ते हो म्हणतात आणि ओढतात. मी अजून काय करू?

उत्तर : बाळा, सगळ्यात आधी तो खोकला. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबी नाही ना हे बघायला थुंकी तपासायची असते, सरकारी दवाखान्यात फुकट होते, या आठवड्यात घेऊन जा. विडी सोडण्याचं बोलणं त्यानंतर.

तू जे करतेयस ते मी तुझ्या वयाची असताना केलंय. माझे वडील विडी ओढायचे आणि मी त्यांचं बंडल तांदळाच्या डब्यात खाली पुरून ठेवायचे. ते काही बोलायचे नाहीत, चपला घालून बाहेर जायचे. पुढे त्यांनी माझ्यासमोर ओढणं बंद केलं, मला वाटलं सुटली, मी मैत्रिणींना सांगितलंसुद्धा. ती सुटली नव्हती, गोठ्यामागे गेली होती. नंतर त्यांना दम लागायला लागला तोही त्यांनी मला कितीतरी महिने सांगितला नाही, कारण मी काय म्हणणार हे त्यांना पाठ होतं. ते महिने मला अजून टोचतात. म्हणून तुला कळकळीने सांगतेय, लपवणं आणि अबोला आजपासून थांबव.

त्याऐवजी एकदा, ते निवांत असताना, जवळ बसून विचार, पप्पा तुम्हाला कधी सोडावीशी वाटलीय का? आणि मग गप्प बस. ते काहीही म्हणोत, "आता या वयात काय", "माग बंद पडला, वेळ जात नाही", ते ऐकून घे. वेळ जात नाही म्हणाले तर खरी गोष्ट तीच असेल, कामावर जाणारा माणूस घरी बसला की विड्या वाढतातच. तेव्हा फक्त एक गोष्ट मागून घे, विडी घरात नको, बाहेर. धूर आई आणि तू पण घेताय. घरात बंद झाली की उठून बाहेर जावं लागतं, एवढ्यानेही आकडा खाली येतो. आणि "आता या वयात" म्हणाले तर सांग, ब्रिटनमध्ये डॉक्टरांचाच पन्नास वर्षं अभ्यास केला होता, पन्नाशीत सिगारेट सोडणाऱ्यांचं आयुष्य ओढत राहणाऱ्यांपेक्षा साधारण सहा वर्षांनी वाढलं होतं आणि साठीत सोडणाऱ्यांचं तीन. पप्पा अजून साठीच्या आतच आहेत. विडी बारीक असते म्हणून कमी वाईट असं नाही, ती विझू नये म्हणून झुरके जास्त घ्यावे लागतात, निकोटीन आणि डांबर सिगारेटपेक्षा कमी जात नाही.

तुमच्या घरची खरी अडचण मला कळतेय. बाकीच्यांना मी सांगते घरातली तंबाखू आधी बाहेर काढा, तुमच्याकडे तर आईच्या मांडीवर सूप आणि सुपात तेंदूची पानं आणि जर्दा, रोजच्या हजार विड्यांवर घर चालतं. आईला कुणी दोष देऊ नका, तू तर नाहीच नाही. एवढं करता येईल : आईची वळायची जागा पप्पांच्या बसण्या-झोपण्याच्या जागेपासून लांब, दाराजवळ, हवा खेळेल अशी, काम झालं की सूप झाकून वर, आणि कारखान्यात विड्या जमा करायला पप्पा जात असतील तर ते काम काही दिवस तू घे. आईने वळून झाल्यावर हात साबणाने धुऊनच भाकरीला लागायचं, तंबाखूची धूळ तिच्याही अंगात जाते. पप्पांनी हो म्हटलं की मग तारीख, आणि त्या आठवड्यात त्यांना सकाळचं एक काम दे जे फक्त त्यांचं असेल, भाजी आणणं, शेजारच्या पोराला शाळेत सोडणं. सिव्हिलमध्ये तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन कुठे होतं त्याची खोकला दाखवायला जाल तेव्हाच चौकशी कर, म्हणजे एका खेपेत काम होईल. आणि तिथे आत त्यांना एकट्यालाच बोलू दे, तू बाहेर थांब.

प्रश्न : मी कराड तालुक्यातली, वय ५१. विडी-सिगारेट नाही पण मशेरी लावते, दिवसातून चारदा. ही पण तंबाखूच का? सोडली तर पोट साफ होत नाही. आमच्या गल्लीत सगळ्याच लावतात.

उत्तर : ताई, तव्यावर भाजली तरी ती तंबाखूच. आणि तुम्ही म्हणताय तसंच आहे, २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धुराची तंबाखू घेणारे ३.८ टक्के निघाले आणि चघळणारे-लावणारे २४.४ टक्के, तरी सगळं बोलणं सिगारेटवरच होतं.

निकोटीनने आतड्याला चालना मिळते, म्हणून मशेरी बंद केली की पहिले दोन-तीन आठवडे पोट जड राहतं. सकाळी कोमट पाणी, रात्री पालेभाजी, पपई मिळाली तर पपई, आणि तेवढे दिवस धीर धरायचा. आधी आरशासमोर तोंड उघडून उजेडात बघा, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तोंडात उभी तीन बोटं जात नसतील, तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा.

गल्लीत सगळ्याच लावतात हे तुमच्या फायद्याचं आहे. बचत गटाची पुढची मीटिंग होईल तेव्हा हिशेब झाल्यावर विषय काढा, दोघी जरी तयार झाल्या तरी पुरे. तिघींनी एकाच दिवशी नवीन ब्रश आणायचे. आणि मशेरी भाजायचं त्या दिवसापासून बंद, कारण तो भाजल्याचा वास गल्लीत सुटला की बाकी दोघींना राहवणार नाही. दुपारी ओट्यावर बसून जी लावता त्या वेळेला बडीशेप-धणाडाळीची डबी मध्ये ठेवा, ज्या दिवशी जिची पाळी तिने भरून आणायची.